दोन हिसके म्हणजे ओढा

आमच्या विद्यापीठ केंद्राचा वर्धापनदिन एकोणीस मेला असतो. कागदोपत्री स्थापना जूनमधली आहे, पण ती तारीख कुणाच्या लक्षात नाही. एकोणीस मे १९७३ ला केंद्राच्या विहिरीला पाणी लागलं, तोच दिवस आम्ही साजरा करतो. यंदा स्मरणिकेसाठी माझ्याकडे केंद्राचा इतिहास मागितला होता. तो मी दोन पानांत लिहून दिला. ही पानं वेगळी आहेत, ती माझ्या टेबलाच्या खणातच राहतील.

मी भूगर्भशास्त्र शिकवतो. दगडाला विचारावं, माणसाला विचारू नये, असं माझं मत आहे आणि त्यामुळे माझे फारसे मित्र नाहीत.

त्या वर्षी केंद्र म्हणजे गावाबाहेरच्या माळावर पत्र्याच्या सहा खोल्या आणि एक वसतिगृह. दुष्काळाचं दुसरं वर्ष. आठवड्यातून दोनदा टँकर यायचा, तोही यायचा झाला तर. मुख्यालयातून पत्र आलं की पाण्याची कायमची सोय नसेल तर केंद्र हलवण्याचा विचार करावा लागेल, समिती एकोणीस मेला येऊन पाहणी करील. संचालकांनी मला बोलावलं. मी नकाशावर एका जागी पेन्सिल टेकवली आणि म्हणालो, "इथं पन्नास फुटांच्या आत पाणी आहे." इतकं छातीठोक बोलायला नको होतं, पण बोलून गेलो.

पद्मजा नावाची माझी विद्यार्थिनी तेव्हा शेवटच्या वर्षाला होती, मंगळवेढ्याची. वडील देवळात पूजेला. ती मला सरळ म्हणाली, "सर, केंद्र हललं तर मला कुणी परगावी पाठवणार नाही. घरी बसवतील. पाणी लागलंच पाहिजे." तिच्यासारखे सांगोल्याचे, मोहोळचे कितीतरी होते. पद्मजा धरून त्यांतले सात जण सुट्टीला घरी न जाता श्रमदानाला थांबले.

खोदायला अक्कलकोटकडचा धोंडप्पा आला. साठीचा, काटक, आयुष्यभर विहिरीच खोदलेला. त्याचे नियम होते. विहिरीत उतरायचं ते अनवाणी, वहाणा पश्चिमेच्या काठावर काढून. विहिरीत हाक मारायची नाही, जे सांगायचं ते दोरानं. एक हिसका म्हणजे थांबा, दोन म्हणजे ओढा, तीन म्हणजे खाली माणूस पाठवा.

"आन हिसका आला की काम करायचं," तो म्हणाला. "कुनाचा हाय, इचारायचं न्हाय."

"कुणाचा म्हणजे? खाली जो असेल त्याचाच ना?"

"व्हय की," तो म्हणाला आणि त्यानं माझ्या पायांकडे बघितलं. "सर, बूट काडा."

मी काढले नाहीत. माझे बूट घोट्याच्या वर येणारे, चौदा भोकांचे. नाड्या सोडायला मला दोन मिनिटं लागतात. शिवाय खडकावर अनवाणी उतरणं हा शुद्ध गाढवपणा, हे मी त्याला शास्त्रासकट समजावून सांगितलं.

"आईच्या पोटात बूट घालून जातंय व्हय कुनी?" तो पुटपुटला. पुढं महिनाभर तो रोज सांगायचा आणि रोज मी बूट घालून फळीवर बसून उतरायचो. मुलांना ही करमणूकच होती.

मुरूम संपला, काळा पाषाण लागला. चाळीस फुटांवर खडखडीत कोरडं. सुरुंगाच्या धुरानं डोळे चुरचुरायचे आणि पहारीची टोकं बोथट व्हायची. गावात माझी टिंगल सुरू झाली होती.

बारा मेला दुपारी सगळे जेवायला वर गेले. मी खडकाचा नमुना काढायला एकटाच खाली राहिलो. विहिरीत ऊन सरळ उतरलं होतं. तेवढ्यात ठक् असा आवाज आला.

पायाखालून.

खडक तापला की तडकतो, हे मला माहीत आहे. पण मग पुन्हा ठक्. आणि पुन्हा, तेवढ्याच अंतरानं. पहार मारणारा माणूस मध्ये श्वास घेतो, तेवढ्या अंतरानं.

मी वर येऊन सांगितलं की प्रतिध्वनी आहे. पद्मजा म्हणाली, "सर, तपासून पाहू." दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं उतरलो. तिनं हातोडीनं तीनदा ठोकलं. खालून तीनदा आवाज आला. मी तिच्याकडे विजयानं पाहिलं.

मग चौथा आला.

धोंडप्पाला सांगितलं तेव्हा त्यानं नुसती मान हलवली आणि कुठून आवाज आला तेवढं विचारलं. मी दाखवलं, ईशान्येच्या कोपऱ्यात. माझ्या पेन्सिलीच्या खुणेपासून बरोबर चार फुटांवर.

"तितंच खनायचं," तो म्हणाला. "ते बी आपल्याकडंच येतंय."

मी हो म्हणालो. शास्त्राला तोंड दाखवायला जागा राहिली नाही, पण मी हो म्हणालो. सहा दिवस आम्ही त्या आवाजाच्या रोखानं खोदत राहिलो आणि तो रोज जवळ येत गेला. शेवटी शेवटी पहार थांबवली तरी तळव्यांना ठोके कळतात, असं मुलं म्हणायची. माझ्या पायांत बूट होते, मला कळत नव्हते.

एकोणीस मेला सकाळी अकरा वाजता समितीची मोटार आली. समिती पत्र्याखाली घाम पुसत बसली. सव्वाअकराला धोंडप्पाची पहार हातभर आत गेली, आणि त्यानं ती उपसताच पाणी माझ्या छातीपर्यंत उडालं. थंडगार, गढूळ, दणदणीत पाणी.

आम्ही एकेक करून वर आलो तोवर तळ बुडाला होता. मुलांनी कुठून तरी हलगी आणली, गुलाल आणला. समितीच्या अध्यक्षांनी ओंजळीनं पाणी पिऊन कोट भिजवून घेतला आणि ते म्हणाले, "केंद्र इथंच राहील." पद्मजा रडत हसत होती. मी तर हमसून रडलो, कुणी बघतंय याची पर्वा न करता. एवढा आनंद मला पुन्हा झाला नाही.

तेवढ्यात विहिरीत लोंबणाऱ्या दोराला हिसका बसला. दोन वेळा.

हलगी थांबली. मी आजूबाजूला पाहिलं. धोंडप्पा, पद्मजा, बाकीचे सहा, मी. उतरलेले सगळे वर होते. सगळ्यांच्या पायांत वहाणा होत्या. पश्चिमेचा काठ रिकामा.

"वढा," धोंडप्पा म्हणाला.

"अरे, पण खाली..."

"पानी दिलंय त्यानं, सर. वर घ्यायला नगं?"

आम्ही ओढला. एका माणसाचं वजन असतं, तेवढं वजन होतं. काठाशी येताच दोर सैल पडला. फळी रिकामी होती. हातभर पाण्यातून आलेली ती फळी कोरडी होती.

मुलांना वाटलं, म्हाताऱ्यानं गंमत केली. त्यांनी आरोळी ठोकली, गुलाल उधळला आणि आमची परंपरा सुरू झाली. दर एकोणीस मेला नवे विद्यार्थी वाजतगाजत दोर सोडतात. दोन हिसके येतात. अख्खं केंद्र दोर ओढतं, रिकामी फळी वर येते आणि जयजयकार होतो. काथ्याचा दोर भिजला की आखडतो, असं मी दरवर्षी सांगतो. स्मरणिकेतही तेच लिहिलंय.

यंदाचा सोहळा फार मोठा झाला. माळावर आता चारशे झाडं आहेत, ग्रंथालयाची दगडी इमारत उभी राहिली, पद्मजा आमच्याच विभागात शिकवते. कोनशिलेला पाणी विहिरीतलंच वाहिलं. हलगी कडकडत होती. मी काठावर उभा होतो आणि माझा ऊर भरून आला होता. हे सगळं आपण राखलं, असं वाटत होतं.

दोर सोडला. हिसका आला. दुसरा आला. मुलांनी दोराला हात घातला.

तिसरा आला.

"सर, यंदा तीन!" कुणीतरी ओरडलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

माझा दंड कुणीतरी घट्ट धरला. धोंडप्पा. तो आता फार थकलाय, पण पकड तीच.

"सर, मागं या."

"काथ्या आखडतो, धोंडप्पा," मी म्हणालो.

"मागं या आदी. आन बूट घाला."

मी खाली पाहिलं. काठाचा दगड उन्हानं तापला होता आणि माझे तळवे भाजत होते. पश्चिमेच्या काठावर माझे बूट जोडीनं ठेवलेले होते. मोजे घडी करून आत घातले होते. नाड्या चौदाही भोकांतून ओढून काढून, बाजूला नीट गुंडाळून ठेवल्या होत्या.