धाकटीचा उजवा डोळा

बसा. हा पडदा जरा ओढून घेतो, स्क्रीनवर ऊन पडलं की मला काही दिसत नाही.

चष्म्याचं दुकान मी दहाला उघडतो. त्याआधी गॅलरीत दुर्बीण लावून सूर्याचे फोटो काढायचे, हा जुना नाद. चंद्राचेही काढतो, पण चंद्र बिचारा गरीब, त्याच्याकडे कसंही बघा. सूर्याला फिल्टर लागतो. आणि मोठ्या दुर्बिणीवर नेम धरायला जी छोटी दुर्बीण असते ना, तिचं टोपण काढायचं नसतं. सोळाव्या वर्षी मी ते काढलं आणि परत लावायला विसरलो. धाकट्या बहिणीने नेमका तिलाच डोळा लावला. उजव्या डोळ्यात मधोमध काळा गोल डाग राहिला तो कायमचा. जळलेलं परत येत नाही, डॉक्टर म्हणाले. तीस वर्षं झाली. तिने कधी बोल लावला नाही, तेच मला जास्त लागतं.

गेल्या महिन्यात चहाचा कप ठेवता ठेवता ती म्हणाली, "दादा, माझ्या डागात आज जास्तच काळे तीन ठिपके आहेत. डावीकडे, कडेला."

"झोप झाली नसेल तुझी."

दोन दिवसांनी माझ्या फोटोत सूर्याच्या डाव्या कडेला तीन ठिपके आले.

मग मला कुठली चैन पडायला. रोज सकाळी ती डावा डोळा झाकून पांढऱ्या भिंतीकडे बघायची, डाग दिसेल तसा कागदावर काढायची. मी तारीख घालून कागद ड्रॉवरमध्ये टाकायचो आणि दोन दिवसांनी फोटोशेजारी धरायचो. सव्वीस कागद झाले, एकही चुकला नाही. सूर्य स्वतःभोवती फिरतो, तसे त्याच्या पाठीमागचे ठिपके डाव्या कडेने पुढे येतात; ते हिला आधी कळायचे.

"ठेव मला दुकानात, ज्योतिषी म्हणून," ती म्हणायची. खरं सांगतो, त्या डोळ्याचा विषय आमच्यात पहिल्यांदाच हसत निघत होता.

परवा तिने काढलेला गोल डावीकडे जरा कुरतडलेला होता.

"घाईत काढलास," मी म्हटलं.

"नाही रे. डागच तेवढा कमी झालाय. तिथून भिंत दिसते."

काल डाग अर्धाच उरला. आनंदाने तिला जेवण गेलं नाही.

आज मी कॅमेरा जोडत होतो. ती आली, डावा डोळा तळहाताने झाकून माझ्यासमोर बराच वेळ उभी राहिली.

"दादा... गेला. सगळा गेला." मग हळूच म्हणाली, "केवढा म्हातारा झालास रे. या डोळ्याला तू अजून सोळाचाच होतास."

मी रडलो. लाजायचं काय त्यात, तीस वर्षांचं ओझं होतं.

डोळे पुसून स्क्रीनकडे पाहिलं. सूर्य डावीकडे जरा कुरतडलेला होता.

फिल्टर पुसला. कॅमेरा काढून पुन्हा बसवला. ग्रहण म्हणावं, तर अमावास्येला नऊ दिवस आहेत. परवाचा कागद काढून स्क्रीनशेजारी धरला... तंतोतंत.

"काय दिसतंय?" तिने विचारलं.

"काही नाही... ढग आलाय."

ती भिंतीकडे वळली. "मला तर भिंत स्वच्छ दिसतेय. कुठेच काही नाही."

हसत हसत तिने आजचा कागद घेतला, स्वतःच्या हाताने तारीख घातली आणि ड्रॉवरमध्ये ठेवला. कोरा.

तुम्ही परवा सकाळी याल का? एकट्याने फोटो काढायची माझी छाती नाही.