शंखाच्या बाह्या

गोदूच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही.

पुढचं सगळं त्यातून झालं. मी पुस्तकांत रमणारा, भित्रा माणूस. माझ्या डोळ्यांवर माझाच फारसा भरवसा नाही. तरीही सांगतो, हे घडलं. श्रीवर्धनला, आमच्याच घरात, १९२९ सालच्या कार्तिकात. तेही भर दुपारी.

गोदू माझी धाकटी बहीण. पंचविशीत विधवा झाली. तेव्हापासून दिवेआगरला दिराच्या वाडीत राहत होती. तिच्याकडे हाताने फिरवायचं शिवणयंत्र होतं. गावातल्या मुलींची पोलकी ती शिवायची. तिच्या बाह्या बघायला बायका यायच्या. कुठे चुण्यांचा शिंपला, कुठे नारळाच्या फुलोऱ्याच्या पोयीसारख्या उलगडणाऱ्या पट्ट्या.

स्वतः तिने वीस वर्षं बाही असलेलं काही अंगात घातलं नव्हतं. विधवांची तशी रीतच होती.

ज्येष्ठात तिचं पत्र आलं.

"दादा, इथे आता निभत नाही. भावजी यंत्र विकायचं म्हणतात. मला आणि यंत्राला घेऊन जा. मैनेचं मापाचं पोलकं पाठव. तिच्यासाठी शंखाच्या बाह्या योजल्यात. येऊ की नको, एवढंच लिही. नकार असला तरी चालेल. पण कळव."

मैना माझी नात, आठ वर्षांची. तिची आई नव्हती. बाप मुंबईला नोकरीत. म्हणून ती आमच्याकडे.

माझी बायको अनुसूया लगेच म्हणाली, "येऊ दे की. मधली खोली रिकामीच आहे."

मी लिहायला बसलो.

गोदूच्या दिराला राग येऊ नये, गोदूला उपकार वाटू नयेत, असं पत्र हवं होतं. पहिला मजकूर रुक्ष वाटला. दुसरा लाचार. तिसऱ्यात फार उपदेश झाला.

"पत्र लिहिताय की पोथी?" अनुसूया म्हणायची.

सात कच्चे मजकूर झाले. सातही पुस्तकांत खुणेला राहिले.

श्रावणात गोदू तापाने गेली.

दिवाळीनंतर तिच्या दिराच्या वाडीतला गडी, बुधाजी, एक गाठोडं घेऊन आला. ओसरीच्या पायरीवर टेकला. पाणी प्यायला.

"बाय रोज इचारत व्हती," तो म्हणाला. "टपाल आलं काय रं बुधाजी? मी म्हणायचो, न्हाय आलं."



"यंत्र?" अनुसूयेने विचारलं.

"ते कवाच गेलं म्हसळ्याला. शेवटी हातानंच शिवीत व्हती."

गाठोड्यात हिरव्या खणाचं पोलकं होतं. डावी बाही पुरी झालेली. खांद्यावर हा एवढा फुगा, आणि तिथून वळत वळत मनगटापर्यंत निमुळता होत गेलेला शंख. उजवी बाही नुसती पांढऱ्या दोऱ्याने टाचलेली.

मैनेने ते घातलं.

"आधी बाह्या येतील दारातून, मग पोरगी," अनुसूया हसली. मग हसता हसता थांबली.

पोलकं मैनेला नेमकं बसलं होतं. मापाचं पोलकं आम्ही पाठवलंच नव्हतं. आणि गोदूने मैनेला पाहिलं त्याला तीन वर्षं झाली होती...

चार दिवसांनी, दुपारी तीनच्या सुमाराला, मी ओसरीवर वाचत होतो. अनुसूया मागच्या पडवीत झोपलेली. मैना शेजारी खेळायला गेलेली.

मधल्या खोलीतून आवाज आला.

कुर्र... कुर्र... कुर्र...

यंत्राचं चाक फिरल्यासारखा.

मी उठलो. आवाज थांबला. खोलीत कुणी नव्हतं. पोलकं खुंटीवर होतं. उजव्या बाहीचा पांढरा दोरा खांद्यापाशी निघाला होता. त्या जागी बारीक, पक्की शिवण...

"तू शिवलंस?" मी अनुसूयेला विचारलं.

"मला सुईचं भोक तरी दिसतं का?"

दुसऱ्या दिवशी शंखाचा एक वळसा वाढला. तिसऱ्या दिवशी आणखी एक.

मी पोलकं पुस्तकांच्या कपाटात कोंडलं. किल्ली जानव्याला बांधली.

त्या दुपारी ओसरीवर बसूनच राहिलो. पुस्तक उघडं, पण एक ओळ वाचली नाही.

कुर्र... कुर्र...

मी आत धावलो.

खोलीच्या मधोमध मैना उभी होती. अंगात ते पोलकं. उजवा हात बाजूला उचललेला... कुणीतरी मनगटाला धरून उचलावा तसा.

आणि दातांत दोऱ्याचा एक तुकडा.

अंगावरचं कापड शिवू नये म्हणतात. शिवावंच लागलं, तर दातांत दोरा धरायचा आणि गाठ पडेपर्यंत बोलायचं नाही. गोदू हे फार पाळायची.

"मैना," मी हाक मारली.

ती माझ्याकडे बघत होती. बोलली नाही.

"मैना, कोण आहे तिथे?"

उत्तर नाही.

मी चार हाका मारल्या. पाच. आपलं माणूस विचारतंय आणि समोरून एक अक्षर येत नाही, म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. गोदूने दोन महिने काढले होते तसे.

मग आवाज थांबला. मैनेचा हात खाली आला. तिने दातांतला दोरा काढला.

"आजोबा, उत्तर द्यायचं नसतं," ती सहज म्हणाली. "गोदूआजी म्हणाली, तुम्हाला ठाऊक आहे."



"आता चारच बोटं शिवण राहिली. उद्या पुरं होईल. मग मी जाणार तिच्याबरोबर."

"कुठे?"

"दादा आणत नाही, तर तू तरी चल म्हणाली. मी हो म्हटलं."

मी कपाटापाशी गेलो. कुलूप तसंच होतं. किल्ली जानव्याला होती.

कागद घेतला. या वेळी कच्चा मजकूर केला नाही.

"गोदू, ये. मधली खोली तुझी आहे. मैनेला नेऊ नकोस. चूक माझी. दादा."

पाकिटावर तिचं नाव घातलं, दिवेआगरचा पत्ता घातला.

"मेलेल्या माणसाला पत्र?" अनुसूया हळूच म्हणाली. मग मैनेला तिने जवळ ओढलं. "जा. पण लवकर जा."

वाटेत दोनदा थांबलो. ये, असं लिहून मी घरात काय बोलावतो आहे? मला तेव्हा कळलं नाही. अजूनही कळलेलं नाही.

टपालाच्या पेटीपाशी पोहोचलो. पत्राचं टोक फटीत घातलं. माझी बोटं अजून सुटली नव्हती...

आतून ते हळूच ओढलं गेलं. सुईतून दोरा ओढावा, तसं.