मावशीला मी पुसलं

ती पहिल्यांदा माझ्या दुकानात आली ती भांडतच आली. माझ्याशी नाही, फोनवर.

"अगं मावशी, हरला ते बरंच झालं! दोरावर चढून उडी मारायच्या आधी तो केस नीट करतो. मारामारीत ज्याला केसांची काळजी, त्याच्यावर माझा काडीचा विश्वास नाही."

फोन ठेवून तिने माझ्याकडे पाहिलं. केसांवरून फिरवायला उचललेला हात मी तसाच खाली घेतला.

ती जाऊन आता सव्वा वर्ष झालं. भेटायला येणारे सगळे ती किती शांत, किती समजूतदार होती ते सांगतात. मी मान हलवतो. पण मला आठवते ती ही, कुस्तीच्या शोवरून मावशीशी भांडत दुकानात शिरलेली. म्हणून लिहून ठेवतोय.

माझं काम जुने व्हिडिओ गेम दुरुस्त करण्याचं. ती शेजारच्या गल्लीतल्या लॅबमध्ये रक्त काढायची. तिने पर्समधून रुमालात गुंडाळलेली गेमची कॅसेट काढली. कुस्तीचा गेम होता.

"बॅटरी संपत आलीये बहुतेक. कधी कधी पैलवान दिसतच नाहीत. आत सोळा पैलवान आहेत, मी आणि मावशीने बनवलेले. सात वर्षं लागली. जपून हं."

अशा कॅसेटमध्ये बटणाएवढी बॅटरी असते. तिच्या जोरावर आतलं सगळं टिकतं. ती काढली की कॅसेट सगळं विसरते. म्हणून आधी बाहेरून एका वायरने वीज जोडायची आणि मगच जुनी बॅटरी काढायची. हे मला झोपेतसुद्धा जमतं.

पण तेव्हा मी झोपेत नव्हतो. वाद घालत होतो.

"ते कुस्तीचे शो सगळे ठरवून असतात," स्क्रू काढता काढता मी म्हणालो.

"हो का? आणि सिनेमातला हिरो दहाव्या मजल्यावरून खरंच पडतो वाटतं?"

"सिनेमा वेगळा."

"वेगळाच! सिनेमात चुकलं की परत शॉट घेतात. इथे लोकांसमोर एकदाच. आणि ठरवून असतं म्हणूनच अवघड असतं. खऱ्या मारामारीत समोरच्याच्या मानेची काळजी कोण करतं? इथे जो आपटतो, त्यानेच सांभाळून खाली आणायचं असतं. तुम्ही कधी कोणाला असं आपटलंय?"

"नाही."

"मग बोलू नका."

हे सांगताना तिने हवेतल्या कोणाला तरी उचललं, डोक्यावरून फिरवलं आणि अगदी हळू खाली ठेवलं. मी बघतच राहिलो. बघता बघता बॅटरीचं सोल्डरिंग सोडवलं, बॅटरी उचलून बाजूला ठेवली... आणि मग मला दिसलं, वायर अजून खिळ्यालाच लटकतेय.

सोळाच्या सोळा गेले.

"झालं?" तिने विचारलं.

खरं बोलायची वेळ हीच होती. मी म्हणालो, "बॅटरी... आधीच संपली होती. आत काही राहिलं नव्हतं."

ती स्टुलावर बसली.

"मावशीपण गेली?"

"कोण?"

"मावशी. आमची चॅम्पियन. एकशे चाळीस किलो, निळा झगा."

तिचा चेहरा बघवेना. "मी परत बनवतो," मी म्हणून बसलो. "तुम्ही फक्त सांगा. रविवारी दुकान बंद असतं, तेव्हा या."

ती आली. सोबत वही घेऊन आली. मी बटणं दाबायचो, ती शेजारी बसून सांगायची. पैलवान म्हणजे सगळे तिच्या ओळखीचे. लॅबचे डॉक्टर मास्क लावून लढायचे. ऑफिसातले हेडक्लार्क पाच वाजले की अर्धी कुस्ती सोडून निघायचे, निदान तिच्या म्हणण्यानुसार.

"वरच्या मजल्यावरच्या काकूंना वेग किती देऊ?"

"पूर्ण. आमच्याकडे कप फुटला, की तुकडे गोळा व्हायच्या आत त्या दारात असतात."

मधेच तिची मतं सुरू व्हायची. नव्या गेममध्ये दर दोन मिनिटांनी आपोआप सेव्ह होतं, मग मरायची भीती कुठे राहिली? सिनेमात व्हिलन पाच मिनिटं तरी बरोबर वाटलाच पाहिजे, नाहीतर हिरोने हरवलं कोणाला? मी सुरुवातीला वाद घालायचो. तिसऱ्या रविवारी मी स्वतःहून विचारलं, "कालच्या शोमध्ये तो टकला जिंकला का हो?"

ती अशी हसली, की डॉक्टरांचा मास्क माझ्याकडून हिरव्याऐवजी गुलाबी झाला. तिने तो तसाच ठेवायला लावला.

"तुम्ही फार हळू काम करता," चौथ्या रविवारी ती म्हणाली.

"बारकाईचं काम आहे."

"बुटाच्या लेसचा रंग विचारायला चाळीस मिनिटं?"

"तुम्हाला... घाई आहे का?"

"मी म्हटलं का तसं?" ती पडद्याकडे बघत म्हणाली.

सहाव्या रविवारी फक्त मावशी राहिली. निळा झगा चढवून झाला. शेवटचं बटण तिने स्वतः दाबलं आणि म्हणाली, "दुसरा कोणी असता तर बॅटरी बदलून मोकळा झाला असता. तुमच्यासारखा प्रामाणिक माणूस मी पाहिला नाही."

तो शब्द मला गिळता येईना.

"बॅटरी संपली नव्हती," मी म्हणालो. "वायर जोडायला मी विसरलो. सगळे मीच पुसले."

"आणि सहा रविवार...?"

"सांगणार होतो. पण सांगितलं की तुम्ही यायच्या बंद व्हाल, असं वाटलं."

"चुकायचं काही नाही हो! माझीपण सुई चुकते. पण म्हणून मी पेशंटला सांगते का, की तुमच्याकडे शीरच नाहीये?" ती उठली. कॅसेट ओढून काढली. "खोटारडा आहेस तू!"

ती मला पहिल्यांदा 'तू' म्हणाली ती अशी.

बुधवारी मी लॅबमध्ये गेलो. मला काहीही झालेलं नव्हतं, तरी बाही वर करून तिच्यासमोर बसलो. तिने सुई टोचली, काढली, परत टोचली.

"पहिली चुकली," ती म्हणाली. "सांगतेय हं. नाहीतर काही लोक सांगत नाहीत."

पुढच्या रविवारी मी दुकान उघडून बसलो. ती आली नाही. दुपारी एक जाड चष्म्याच्या बाई आल्या. वजन फार तर चाळीस किलो.

"तूच का रे तो? मला पुसणारा?"

मी उभा राहिलो. "मावशी... माफ करा."

"माझं जाऊ दे. ती तुला रोज आपटतेय. तुझा पैलवान बनवलाय तिने. कामावरून आली, की मला घेते आणि तुला आपटते. काल अकरा वेळा. मला टीव्हीवर दुसरं काही बघता येत नाहीये. चल घरी, काय ते मिटवा."

घरी ती टीव्हीसमोर जमिनीवर बसली होती. वळून पाहिलं नाही. पडद्यावर निळ्या झग्यातल्या मावशी होत्या आणि त्यांच्या पायाशी माझ्यासारखाच चष्मा लावलेला एक काडीपैलवान पडला होता. त्याच्या नावाच्या जागी 'दुकानदार' लिहिलं होतं.

"बस," तिने दुसरा रिमोट माझ्याकडे ढकलला. "स्वतःला घे. आणि आणखी काय लपवलंयस ते आत्ताच सांगून टाक."

"त्या गेममध्ये लेसचा रंग बदलताच येत नाही."

तिने ओठ दाबून धरले. "अजून?"

"अजून... तुम्ही मला आवडता."

"हे लपवलेलं होतं?" मागून मावशी म्हणाल्या. "माझ्या चष्म्याचा नंबर नऊ आहे, मला दुकानाच्या दारातूनच दिसलं."

तिने खेळ सुरू केला. मावशींनी मला उचललं, फिरवलं आणि आपटलं. मी पडलो. रेफरी मोजायला लागला. माझा घाम रिमोटवर उतरला होता आणि अंगठा कुठल्या बटणावर आहे तेच कळेना. चार... पाच...

"ऊठ!" ती एकदम ओरडली. "अरे ऊठ ना! दोन्ही बटणं दाब, दोन्ही एकदम! ऊठ!"

"अगं, तू जिंकतेयस," मावशी म्हणाल्या. "तू आहेस तरी कोणाच्या बाजूने?"

ती थबकली. तिचे कान लाल होत गेले. सात... आठ...

"ह्याच्या," माझ्याकडे न बघता ती म्हणाली.

रेफरीने दहा मोजले. मी हरलो. मावशी चहा ठेवायला उठल्या आणि जाताना टीव्हीचा आवाज मोठा करून गेल्या.