खडीचा चढ

चिखलोलीच्या धरणामागची वाट लूनासाठी नाही, हे सुहासिनी साळवेला लूना रुतल्यावर कळलं.

भाद्रपद संपत आला होता. आभाळ उघडलं होतं, पण वाटेवरचा चिखल अजून ओला होता आणि दोन्ही बाजूंना गवत कमरेएवढं वाढलं होतं. रविवारची दुपार. खरं तर ती अंबरनाथ पूर्वेच्या बाजारात भाजी आणायला निघाली होती. नाक्यावर आली आणि डावीकडे वळायच्या ऐवजी सरळ गेली, एवढंच.

घरात बसवत नव्हतं, दुसरं काही नाही. आई-वडील मागेच गेले. दोन्ही भावांची शिक्षणं आणि लग्नं तिनंच केली. धाकटा चंदू गेल्या वैशाखात बायकोला घेऊन डोंबिवलीला राहायला गेला आणि दोन खोल्यांचं ते घर एकदम गप्प झालं. ठेवलेली वस्तू ठेवल्या जागी राहायला लागली. तिनं डबे घासले, पडदे धुतले, पुन्हा डबे घासले... तरी पायांत मुंग्या यायच्या त्या यायच्याच. रंगाच्या कंपनीत स्टोअर्सच्या टेबलावर आठवडा निघून जाई. रविवार मात्र अंगावर येई.

तर ती लूना ओढत होती, आणि तेवढ्यात बांधापलीकडून फटफटीचा आवाज आला. आवाज वाढला, आणि एक येझदी सरळ बांधावरून हवेत उडाली. मोटारसायकलवाल्याचं तिच्याकडे लक्ष गेलं, त्यानं हँडल फिरवलं... आणि गाडी, माणूस, सगळं मिळून शेजारच्या डबक्यात आडवं झालं.

"लागलं का हो?" ती धावत गेली.

चिखलातून एक माणूस उठून बसला. डोळे तेवढे दिसत होते. "मला नाही लागलं. पण तुम्ही इथं... म्हणजे, लूना घेऊन?"

"रस्ता चुकले."

"हा रस्ताच नाही ताई, चुकणार कसा?"

दोघांनी मिळून आधी येझदी उचलली, मग लूना ओढून काढली. तोवर दोघंही सारखीच माखली होती. तो जांभूळचा शिवराम भोईर. तिथल्याच पाण्याच्या केंद्रावर पंप चालवायच्या कामाला होता. त्यानं रुमालानं तोंड पुसलं, तेव्हा कानांवरचे पांढरे केस दिसले, आणि हसला तेव्हा गालाला पडलेली एक उभी खळीही.

"मघाशी बांधावर..." सुहासिनीनं विचारलं, "दोन्ही चाकं वर होती ना?"

"क्षणभर असतील."

"कसं वाटतं?"

त्यानं विचार केला. "सांगता नाही येत. बायको वारली, मुलगी सासरी गेली. घरात बसवत नव्हतं, म्हणून सुरू केलं."

सुहासिनी त्याच्याकडे बघतच राहिली. तिच्या मनातलं वाक्य कुणीतरी तिच्याआधी बोलून टाकलं होतं.

"मला शिकवाल?" ती म्हणाली आणि स्वतःच दचकली. "आधीच सांगते, त्रेचाळीस वय आहे माझं."

"माझं सत्तेचाळीस. आणि मला अजून नीट येत नाही, आत्ता बघितलंतच तुम्ही." तो हसला. "रविवारी सकाळी या, ताई."

"येईन. पण ताई नका म्हणू. दोन भाऊ आहेत मला, पुरेत."

"मग काय म्हणू?"

"नाव आहे की. सुहासिनी."

"सुहासिनी..." त्यानं हळूच म्हणून पाहिलं, आणि उगाचच येझदीच्या आरशावरचा चिखल पुसू लागला.

*

चंदूची एक जुनी पँट तिनं कमरेत आवळून शिवली, कॅनव्हासचे बूट घेतले. पहिल्या रविवारी शिवरामनं तिला येझदीवर बसवलंच नाही; पडलेली गाडी कमरेला हिसका न देता कशी उचलायची, एवढंच दाखवलं. मग पायांवर उभं राहून चालवायला, ओढ्यातल्या गोट्यांवरून चाक मोकळं सोडायला, ओल्या मातीत ब्रेकला हात न लावायला शिकवलं. ती पडायची. उठायची. पुन्हा पडायची.

"दगडाकडे बघू नका," तो ओरडायचा. "दगडाकडे बघितलं की गाडी दगडावरच जाते!"

"मग कुठं बघू?"

"जिथं जायचंय तिथं!"

तिनं मान वर केली. तो समोरच उभा होता. गाडी सरळ त्याच्यावर गेली आणि त्यानं झुडपात उडी मारली.

"माझ्याकडे नाही, वाटेकडे!" तो काटे काढत म्हणाला.

"तुम्हीच म्हणालात..." ती म्हणाली आणि तिचे कान तापले.

शेजारच्या गोजरबाई जिन्यात भेटल्या. "काय गं सुहास, लंगडतेस?"

"पडले, मावशी."

"जिन्यावरून?"

"नाही. टेकडीवरून."

गोजरबाईंच्या हातातली पिशवी तशीच राहिली.

दिवाळीनंतर तिनं स्वतःची गाडी घ्यायची ठरवली. उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये एक सिंधी मिस्त्री जुन्या गाड्या उभ्या करून द्यायचा. त्यानं एक राजदूत बाहेर काढली आणि किल्ली शिवरामपुढे धरली. "साहब, देखो तो सही, एकदम कडक इंजिन."

"चलाऊंगी मैं," सुहासिनी म्हणाली. "और पीछे का टायर खाचवाला चाहिए. टेकडीपे चढानी है."

मिस्त्रीनं एकदा तिच्याकडे, एकदा शिवरामकडे पाहिलं. "वाह साईं! घर में फिर आप क्या करते हो?"

"हम एक घर में नहीं रहते," शिवराम घाईनं म्हणाला.

"अभी तक?" मिस्त्रीनं विचारलं आणि पाना उचलून कामाला लागला. 

खरं म्हणजे गाडी आल्यावर तिला शांत वाटायला हवं होतं. झालं उलटंच. आता सोमवारपासूनच तिचं चित्त थाऱ्यावर नसे. एका रविवारी शिवरामची ड्युटी लागली, तर ती एकटीच धरणाच्या वाटेवर फेऱ्या मारत राहिली. गाडी छान चालत होती, थंडी छान पडली होती, आणि काहीच छान वाटत नव्हतं. आपल्याला नेमकं काय हवंय, टेकडी की टेकडीखाली उभा राहून ओरडणारा माणूस, हे तिला ठरवता येईना.

*

जांभूळच्या मागे, रानातून वर पठारावर जाणारी एक वाट होती. शेवटच्या वळणानंतर सगळी सुटी खडी, आणि चढ असा की पायी जाणाराही हात टेकायचा. शिवरामला तो कसाबसा जमायचा. जानेवारीतल्या एका सकाळी सुहासिनीनं गाडी त्यावर घातली.

वळणाच्या वर पुढचं चाक उचललं गेलं. राजदूत मागे उलटली, सुहासिनी बाजूला फेकली गेली आणि खडीबरोबर घरंगळत खाली आली. क्षणभर श्वासच येईना. डोळ्यांपुढे निळं आभाळ, आणि मग त्यात शिवरामचा पांढराफटक चेहरा.

"सुहासिनी... सुहास! बोला काहीतरी!"

"गाडी..." तिला एवढंच म्हणता आलं.

त्यानं तिचा हात दोन्ही हातांत धरला होता. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.  तिचं उजवं मनगट मुरगळलं होतं, हनुवटी फुटली होती, बाकी ती धड होती. तिला तो हात सोडवावासाच वाटत नव्हता... पण त्यानंच सोडला.

"बस झालं," तो म्हणाला. "आता पुरे हे. धरणाकडे फिरा हवं तर, सपाटीला. इथं मी आणणार नाही तुम्हांला."

"आणणार नाही? मी काय पोतं आहे?"

"तुम्ही पडलात!"

"तुम्ही रोज पडता!"

"माझं वेगळं आहे."

"काय वेगळं?"

तो आडव्या गाडीकडे वळला. तिनं डाव्या हातानं राजदूत उचलली, त्याला हात लावू दिला नाही, आणि निघून गेली.

पुढचे दोन रविवार ती गेली नाही. चंदू आला, पट्टी बघून हबकला. "ताई, विकून टाक ती गाडी. आमच्याकडे ये राहायला. तुझी काळजी वाटते गं आम्हांला." तो मनापासून बोलत होता. जन्मभर तिनं ज्यांची काळजी घेतली, ते आता काळजीनंच तिला खुर्चीत बसवायला निघाले होते. आणि शिवरामही त्यांच्यातच जाऊन उभा राहिला, हे तिला मनगटापेक्षा जास्त दुखत होतं. रात्री कूस बदलताना वाटे, इतर कुणी म्हटलं असतं तर चाललं असतं. त्यानं नको होतं म्हणायला.

तिसऱ्या रविवारी ती उठली, बूट बांधले आणि कुणाला न सांगता खडीच्या चढापाशी गेली.

पहिल्या खेपेला वळणावरच इंजिन बंद पडलं. ती गाडी वळवत होती, तेवढ्यात खालून येझदीचा आवाज आला. शिवरामचं आणि त्याच्या आईचं घर टेकडीच्या पायथ्याशीच होतं. राजदूतचा आवाज त्यानं अंगणातून ओळखला होता.

"अडवायला आलात?" तिनं विचारलं.

"नाही."

"मदतीला?"

"तेही नाही. तुम्ही बोलावल्याशिवाय हात लावणार नाही. पण बघायला बसू का?"

तिनं मान डोलावली. तो एका दगडावर बसला आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

ती पुन्हा चढली. अर्ध्यावर मागचं चाक गरगरलं, गाडी आडवी झाली, गुडघा दगडावर आपटला. तिनं खाली पाहिलं. तो अर्धा उठला होता. ओठ हलत होते. मग... तो पुन्हा बसला. डोळे मिटले नाहीत, मान फिरवली नाही. नुसता बघत राहिला, जणू खडी त्याच्याच अंगावरून घसरत होती.

तिचा राग तिथंच, त्या चढावर, कुठंतरी सांडून गेला.

तिनं गाडी पार खाली नेली. पायांवर उभी राहिली. वळण आलं, चाक उचलू लागलं, तशी ती हँडलवर झुकली. खडी मागे उडत राहिली, गाडी नाचत राहिली, तिनं मूठ सोडली नाही... आणि एकाएकी चढच संपला. समोर पिवळं गवत, मोकळं पठार, एकीकडे मलंगगडाचे सुळके आणि दुसरीकडे बारवीचं चकाकतं पाणी.

तिनं इंजिन बंद केलं. खालून धावत येणाऱ्या पावलांचा आवाज येत होता.

शिवराम वर पोचला तो वाकलेलाच. "तुम्ही... मी..." त्याला धाप आवरेना.

"अर्धे उठला होतात. बघितलं मी."

"पुरता नाही उठलो."

"नाही उठलात," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

"तुळशी, माझी बायको, आजारी होती तेव्हा वर्षभर उशाशी बसून होतो," तो म्हणाला. "काही करता आलं नाही. त्या दिवशी तुमचा श्वास थांबला, तेव्हा मी पुन्हा त्या उशाशी जाऊन बसलो. म्हणून ओरडलो. भित्रा माणूस आहे मी, सुहासिनी. पण भीती माझी आहे, ती मी तुमच्या गळ्यात बांधणार नाही... लग्न कराल माझ्याशी?"

"हे असं? धापा टाकत विचारतात?"

"धाप थांबेपर्यंत धीर टिकायचा नाही."

ती हसली. मग हसू ओसरलं. "मी घरात बसणारी नाही."

"मला तरी कुठं बसवतं?"

"आम्ही बौद्ध. तुमचे भाऊबंद काय म्हणतील?"

"बोलतील. बोलून दमतील." तो थांबला. "आईचं मात्र खरंच ठाऊक नाही मला."

"मग विचारू या. आत्ताच."

"आत्ता? अशा अवतारात?"

"उद्यापर्यंत मला दम निघणार नाही," ती म्हणाली आणि किक मारली. "आणि हो. मला करायचंय लग्न तुमच्याशी. ते आईंच्या उत्तरावर नाही."

*

शिवरामच्या आई जनाबाई ओट्यावर वाल सोलत बसल्या होत्या. धुळीनं माखलेली, फाटक्या गुडघ्याची बाई राजदूतवरून उतरलेली त्यांनी पाहिली, आणि तिच्यामागे खाली मान घालून उभा असलेला आपला मुलगाही.

"तूच काय गो ती फटफटीवाली?"

"हो. सुहासिनी साळवे. आम्ही बौद्ध आहोत. शिवराम आणि मी लग्न करणार आहोत. तुम्ही हो म्हणावं असं वाटतं, म्हणून आले."

जनाबाईंनी वालाची शेंग तशीच हातात धरली.  ओट्याखाली कोंबड्या दाणे टिपत होत्या.

"भावकी पेटंल," त्या शेवटी म्हणाल्या. "माजा दीर तं पयला." मग त्यांनी सूप बाजूला सारलं. "पन ह्यो पोर चार म्हयनं हसत घरा येतं रविवारचा, तो कुनामुलं ता मना ठाव हाय. बस गो बाय. पानी पी."

सुहासिनी ओट्याच्या कडेला टेकली. तिनं तांब्या तोंडाला लावला. जनाबाई मात्र राजदूतकडेच बघत होत्या.

"टेकरीवरच्या गावदेवीला जाते ना गो ही तुजी फटफटी?"

"जाईल की."

"मना नेशील? पायान जाववत नाय आता. ह्यो मना मांगं बसवतंच नाय. भितं."

"आये, वाट फार वाईट आहे..." शिवराम पुढे झाला.

पण जनाबाईंनी लुगड्याचा ओचा वर खोवला होता आणि राजदूतवर टांग टाकली होती. सुहासिनी पुढे बसली. म्हातारीचे खरबरीत हात तिच्या कमरेभोवती आले, चांगले घट्ट. शिवराम गाडीच्या पुढ्यात, वाटेतच उभा होता. काहीतरी बोलायला त्यानं तोंड उघडलं... सुहासिनी त्याच्याकडे बघत राहिली.

त्यानं तोंड मिटलं, आणि वाट सोडून बाजूला झाला.