पन्नासची लेन्स

विजेच्या सामानाच्या दुकानात त्याने आधी बल्ब पेटवला, मग तिच्याकडे पाहिलं आणि परवानगी सर्वांत शेवटी मागितली. तोवर बल्ब तिच्या गालापाशी येऊन पोचला होता.

"जरा... खिडकीकडे बघता का?"

"दुकानाला खिडकी नाही," ती म्हणाली.

"आहे असं समजून बघा."

असल्या माणसाकडे पाठ फिरवून निघून जायला हवं होतं. पण तिने बघितलं, तेही चांगलं दोन-तीन श्वासभर, आणि दुकानदार गल्ल्यामागे मिशीत हसला. तिला फक्त एक पिवळा बल्ब हवा होता. आई वर्षभर अंथरुणाला खिळलेली, आणि पांढरा उजेड तिच्या डोळ्यांना टोचायचा. दुकानातले सगळे पिवळे बल्ब मात्र या गृहस्थांनी आधीच पिशवीत घातले होते. सिनेमा करतोय म्हणाला. बल्बांचा का, असं तिने विचारलं, तर दिवे भाड्याने आणायची ऐपत नाही म्हणून बल्बांचाच, असं त्याने अगदी गंभीरपणे सांगितलं. बोलता बोलता आपण कपडे शिवतो, उत्तरेच्या खिडकीत बसून, हे तिच्या तोंडून निघून गेलं. झालं! उत्तरेची खिडकी म्हणताच त्याचे डोळे असे चमकले की तिला वाटलं, हा आता खिडकीलाच मागणी घालणार.

आठवड्याभरात तिचं घर सिनेमाचं घर झालं. पाच-सहा माणसं, एक कॅमेरा आणि चहाचं मोठं पातेलं, एवढाच संसार. दिग्दर्शक त्याचा कॉलेजपासूनचा दोस्त. तो याला लेन्स्या म्हणायचा, म्हणून सगळेच म्हणायचे. नायिका दुपारी यायची. ती येण्याआधी उजेड लावून ठेवायचा, तर खुर्चीत कुणीतरी बसायला हवं. "तुम्ही घरच्याच आहात," असं सांगून लेन्स्याने तिला बसवलं. तिच्याच घरात तिलाच घरची म्हणून दाखवणारा हा पहिलाच!

मग रोज सकाळी ती खिडकीशी शिवत बसायची आणि तो तिच्याभोवती उजेडाची मांडामांड करायचा. एका बाजूला पांढरी चादर टांगायचा, म्हणजे खिडकीतला उजेड चादरीवर आदळून हळूच तिच्या गालावर परत यायचा. बल्बापुढे बटर पेपर लावायचा. कधी दुसऱ्या बाजूला काळं कापड धरून आलेला उजेड पुन्हा काढून घ्यायचा. उजेड काढून घेतल्यावर चेहरा जास्त दिसतो, हे तिला त्याच्याकडूनच कळलं.

त्याच्याकडे धड अशी एकच लेन्स होती, पन्नास मिलिमीटरची, जुनी. खोली छोटी, त्यामुळे तो पाठ भिंतीला टेकवून उभा राहायचा. तिने एकदा विचारलं, जवळून मावेल अशी दुसरी का नाही लावत?

"लावता येते. पण तिच्यातून जवळून बघितलं की नाक मोठं दिसतं."

"माझं आहेच मोठं."

"असेल," तो कॅमेऱ्याआडून म्हणाला. "पण ते मी कशाला खराब करू... आहे तसंच मला हवंय."

सुई बोटात गेली. त्यानंतर 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, हे दोघांनाही सांगता आलं नसतं. तो मधूनच आईच्या खोलीत डोकावून तिची विचारपूस करायचा, आणि आई, जी डॉक्टरांशीही तोंड उघडायची नाही, ती याला सिनेमाची गोष्ट विचारायची. घरात हसणं ऐकू येऊ लागलं होतं. तिला सुख वाटायचं आणि त्याच क्षणी भीतीही वाटायची. कारण लेन्स्याने काहीच लपवलं नव्हतं: शूटिंग संपलं की दुसऱ्या दिवशी तो समुद्रापलीकडे जाणार होता, एका मोठ्या छायाचित्रकाराच्या हाताखाली. अशी संधी दुसऱ्यांदा दार ठोठावत नसते.

शेवटच्या दिवशी शेवटचा शॉट होता तिन्हीसांजेचा. बाहेर आकाश निळं पडत आलेलं, आत एकच पिवळा बल्ब, आणि दोन्ही उजेड सारखे होतात ती जेमतेम काही मिनिटं. नायिका खिडकीशी कुणाची तरी वाट बघतेय आणि मागून तिची बहीण धुतलेले कपडे घेऊन निघून जाते. बहिणीचं काम करणारी मुलगी आलीच नाही, तेव्हा दिग्दर्शकाने कपडे हिच्या हातात दिले. "नुसतं चालायचंय, तू फोकसमध्ये नसणारेस," असा धीरही दिला.

उजेड कमी, म्हणून लेन्सचं तोंड पूर्ण उघडलेलं. अशा वेळी फोकस इतका पातळ असतो, की डोळा स्पष्ट असला तर कान धूसर. लेन्स्याचा हात लेन्सवरच्या, फोकस फिरवायच्या कड्यावर होता. ती दारातून आली, कपडे छातीशी धरून चालत गेली, आणि पलीकडच्या दारातून नाहीशी झाली. दिग्दर्शकाने कट म्हटलं तेव्हा बाहेर काळोख पडला होता.

कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर सगळ्यांनी बघितलं. सुरुवातीला नायिका लख्ख. मग मागचं दार हललं, आणि नायिका विरघळत गेली. तिच्या खांद्यामागून दुसरीच बाई उजेडात आली, तिच्या केसांची बट न् बट दिसत होती, ती दिसेनाशी झाली तरी कितीतरी वेळ लेन्स तिच्या रिकाम्या दाराकडेच बघत राहिली.

 तेवढा उजेड पुन्हा मिळणार नव्हता, दुसरा दिवस नव्हता, आणि इतकी वर्षं फोकस सांभाळणाऱ्या माणसाच्या हातून ही चूक व्हायला नको होती. लेन्स्याची मान खाली गेली होती. दिग्दर्शकाने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "चहा घेऊ या," एवढंच म्हणून तो सगळ्यांना बाहेर घेऊन गेला.

सकाळी लेन्स्या उरलंसुरलं सामान न्यायला आला. काळ्या कापडाची घडी घालता घालता म्हणाला, "माझा हात आपोआप गेला ग. फोकस मी मुद्दाम फिरवला नाही."

"मला माहितीये."

"थांबू का?"

तिला हो म्हणायचं होतं. अख्खी रात्र तिने हेच ऐकायची वाट पाहिली होती.

"नको," ती म्हणाली. "आईचं हे असं. मला कुठे निघता येणार नाही. मीही चांगलं काम सोडून इथे आले, आणि कधीकधी... मनातल्या मनात मी तिच्यावर चिडते. तू थांबलास तर एक दिवस माझ्यावर चिडशील. ते मला सोसणार नाही."

 त्याने घडी केलेलं कापड पिशवीत ठेवलं, तिच्या कपाळावर ओठ टेकवले, आणि निघाला. जिन्यावरची पावलं थांबतील असं तिला दोनदा वाटलं.

ती आत आली. आई भिंतीकडे तोंड करून जागी होती.

"गेला?"

"गेला."

"काय कारण सांगितलंस?"

ती पांघरूण सारखं करत राहिली.

"माझं नाव सांगितलंस," आई म्हणाली. आवाजात राग नव्हता. "काम सोडून आलीस तेव्हा मला विचारलं नव्हतंस, बाळा. आताही नाही विचारलंस. दोन्ही वेळा मी जा म्हणाले असते."

हे तिला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणून तर तिने कधीच विचारलं नव्हतं. आई जा म्हणाली असती, मग जावं लागलं असतं, आणि परत आल्यावर आई नसती तर? तिने तोंड आईच्या पांघरुणात खुपसलं आणि हुंदके देऊन रडू लागली. आईने तिला गप्प केलं नाही. जेमतेम उचलता येणारा हात तिने लेकीच्या डोक्यावर ठेवला, आणि तो तिथेच राहू दिला.