पुढचं द्या

चष्मेवाल्याचं दुकान खाली, घर वर, आणि गच्चीवर ताणलेली एरियलची तार. दिवसभर लोकांचे नंबर काढायचे, काचा घासायच्या. तिन्हीसांजेला शटर ओढलं की माळ्यावरच्या खोलीत रेडिओपाशी बसायचं. हौसच होती ती. भर समुद्रातल्या बोटींना इंटरनेट कुठलं? त्यांचे ईमेल हा रेडिओवरून उतरवून घेई, पुढे धाडी. घरच्यांचे त्यांना पोचवी. शेजारी म्हणत, "दिवसा डोळे विकतो, संध्याकाळी कान फुकट वाटतो."

त्याचे नियम दोन. दुसऱ्याचा मेल वाचायचा नाही. आणि आपण होऊन हाक मारायची नाही. बोटीनं हाक दिली तरच इथलं यंत्र तोंड उघडणार.

मेल जातो गोगलगायीच्या चालीनं, तुकड्यातुकड्यानं. मध्येच आवाज विरला, तर पुढच्या वेळी पलीकडचं यंत्र सांगतं: इथवर मिळालंय, पुढचं द्या. मग तुटलेलं वाक्य जिथं तुटलं अगदी तिथूनच

*जोडणी तुटली.*

पुन्हा सुरू होतं. मुलगा हे सगळं त्याच्याच मांडीला मांडी लावून शिकला, आणि शिकून दुकानात बसायचं सोडून मालाच्या बोटीवर गेला. 'मी आता इकडेच राहणार, वाट बघू नका,' असं त्यानं कळवलं, तेव्हा त्याच्या आईनं स्वतः माळ्यावर येऊन उत्तर टाइप केलं. लांबलचक. त्याच संध्याकाळी बोटीनं हाक दिली, निम्मा मेल गेला, आणि आवाज विरला. रात्री वादळ झालं. बोट सापडली नाही. माणसंही नाहीत.

त्याला वर्ष झालं. उरलेला निम्मा मेल यंत्रात तसाच पडून होता. आईनं दाराला कडी लावणं सोडलं होतं, आणि दारातला दिवा दिवसाही जळत असे.

एका तिन्हीसांजेला यंत्र खडखडलं. पडद्यावर त्या बोटीचं नाव उमटलं.

"कुणीतरी थट्टा करतंय," दाढीवाला म्हणाला. तो त्याचा रेडिओतला जुना दोस्त, मुद्दाम बोलावून आणलेला. "दुसऱ्याच्या नावानं हाका मारणारे महाभाग काय कमी आहेत?"

"थट्टेखोरानं पहिल्यापासून मागितलं असतं. यानं पुढचं मागितलं."

दाढीवाल्यानं कप खाली ठेवला.

"पहिला निम्मा फक्त त्या बोटीवरच्या यंत्रात होता," चष्मेवाला म्हणाला.

"बंद कर बाबा हे. ऐक माझं."

त्यानं बायकोला सांगितलं तेव्हा ती दचकलीसुद्धा नाही.

"किती गेला?"

"अगं, दोन-चार ओळी. मी म्हणतो, यंत्रच—"

"बंद करायचं नाही." तिचा आवाज चिरकला. "पहिल्या निम्म्यात मी त्याला नाही नाही ते बोललेय. मेलास तरी या घरात येऊ नकोस, असं लिहिलंय. मग राग उतरला, तिथंच बसून पुढचं लिहिलं. ते त्याला मिळालंच नाही हो. तेवढंच वाचून गेला माझा पोरगा."

चष्मेवाला यंत्राकडे बघत राहिला. मेल पुसायला एक कळ पुरली असती.

त्यानं हात मागं घेतला.

मग रोज संध्याकाळी हाक येऊ लागली. थोडं जाई, तुटे. खरखरीच्या तळाशी, बंद पिंपात पाणी हिंदकळावं तसा आवाज. खोलीत गारठा. खाली उतरल्यावर तो चष्मा पुसायला घेई, तर काचांवर पांढुरका थर. सुट्टीवर गावी येणाऱ्या बोटीवरच्या लोकांचे चष्मे त्यानं जन्मभर पुसले होते. हा थर कशाचा, ते त्याला विचारावं लागलं नाही. समुद्र तिथून दोन दिवसांच्या

*जोडणी तुटली.*

वाटेवर होता.

शेवटच्या संध्याकाळी ती त्याच्या शेजारी येऊन बसली. तिनं त्याचा हात धरला होता. पडद्यावरची रेघ मुंगीसारखी सरकत होती.

तुटलं नाही.

*पोचला.*

खरखर थांबली. वर्षात पहिल्यांदा ती रडली, पोटभर. त्यानं रडू दिलं.

मग दोघं खाली उतरली. दारात अंधार होता.

"बल्ब गेला वाटतं."

त्यानं बटण दाबलं. दिवा लागला.

दोघं त्या उजेडात उभी राहिली.

"शेवटची ओळ सांगू?" ती म्हणाली. "'दार उघडंच आहे. आत आलास की दिवा तेवढा बंद कर.'"

तिनं दिवा पुन्हा बंद केला. दार ओढून घेतलं आणि आतून कडी घातली.

"अगं, पण—"

"हळू बोला," ती म्हणाली. "दमून आलाय तो."