अकरा मिनिटांचा लॅपटॉप

हार्डवेअरच्या दुकानात नानाजींनी ड्रॉवर तीनदा उघडला आणि तीनदा बंद केला.

"बारक्या पेचकसांचा एकच सेट होता, बाई. आत्ताच गेला."

"कोनी नेला?"

"हा काय. तुह्या बाजूलेच उभा हाय."

मी वळून पाहिलं. सावळा, उंच, शर्टाच्या खिशात टेस्टर, हातात त्याच स्क्रू ड्रायव्हरांचा निळा डबा. तो डब्याकडे पाहत होता... म्हणजे मी वळल्यावर घाईघाईने डब्याकडे पाहायला लागला होता.

"तुमाले कायले पायजे?" त्याने विचारलं.

"लॅपटॉप खोलाचा हाय."

"सोताच?"

"बीएस्सी झाली माही. फिजिक्स."

"लॅपटॉप खोलाले फिजिक्स लागते?"

"तो बंद काहून पडते, ते समजाले लागते. खोलाले पेचकस लागते. अन् तो तुमच्यापाशी हाय."

नानाजी हसले. तोही हसला — आधी डोळ्यांनी, मग ओठांनी. हा क्रम मी टिपून ठेवला. सवय आहे मला.

"होते काय त्याले?"

"अकरा मिनिटं चालते अन् बंद पडते."

"अंदाजे अकरा?"

"अकरा मिनिटं वीस सेकंद. चार वेळा मोजलं. गादीवर ठेवला तर सात, टेबलफॅनसमोर ठेवला तर सोळा."

आता मात्र त्याने डबा खाली ठेवला. कामरगावात आजवर कुणी माझी आकडेवारी इतक्या लक्षपूर्वक ऐकली नव्हती.

"मंग गरम होऊन राह्यला तो," तो म्हणाला.

"ते मलेही समजते. काहून होऊन राह्यला, हा सवाल हाय."

सवाल साधा नव्हता. रविवारी सकाळी दहाला माझी परीक्षा होती, वाशीमच्या एका पाणी तपासणी प्रयोगशाळेतल्या जागांसाठी. घरूनच द्यायची, नव्वद मिनिटं, कॅमेरा सुरू ठेवून. मोबाईल चालणार नव्हता आणि मध्ये संपर्क तुटला की पेपर संपला. लॅपटॉप मामाने वापरून दिलेला, सात वर्षांचा. कारंज्याच्या दुरुस्तीवाल्याने आठ दिवस मागितले होते. गावात दुसरा होता तो ग्रामपंचायतीत, आणि रविवारी कुलपात. त्या दिवशी गुरुवार होता.

त्याने सगळं ऐकून घेतलं. "सेट माहा, लॅपटॉप तुमचा. उद्या दुपारी या. बसस्टँडमागं मोटर वाइंडिंगचं दुकान हाय. जगदेव म्हना, कोनीबी सांगन."

"जगदेव?" मला हसू आवरेना. "नाव त आजोबाचं वाटते."

"आजोबाचंच हाय. त्यायचं वापरून झालं, मंग मले भेटलं. तुमच्या लॅपटॉपसारखं."

शुक्रवारी दुपारी त्याच्या पत्र्याच्या दुकानात आम्ही लॅपटॉप पालथा घातला. आधी बॅटरी काढली. मी पुठ्ठ्यावर लॅपटॉपचा आकार काढून आणला होता. निघालेला प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी पुठ्ठ्यात खोचत गेले.

"रांगोळी काढून राह्यल्या का, मॅडम?"

"लांब स्क्रू आखूड जागी गेला तर आतल्या बोर्डात घुसते. अन् मी मॅडम नाही. वैजयंती."

"इतकं मोठं नाव? हाक माराले अर्धा दिवस जाते."

"मंग अर्धा दिवस मोकळा ठेवा."

पुढचा स्क्रू त्याने स्वतःच पुठ्ठ्यावर नेऊन खोचला — अगदी बरोबर जागी.

झाकण निघालं. पंख्याच्या तोंडाशी, गरम हवा बाहेर जाते त्या जाळीवर, राखाडी वाकळ पसरावी तसा थर बसला होता. कापूस. आमच्या पुढच्या खोलीत दरवर्षी वेचणीचा कापूस छतापर्यंत रचलेला असतो आणि मी त्याच्या शेजारी बसून अभ्यास करते. जगदेवने चिमट्याने तो थर अलगद ओढला. अख्खा निघाला.

"घ्या. तुमच्या लॅपटॉपची गादी."

प्रोसेसरवरची पेस्ट वाळून खडू झाली होती. उष्णता जाळीपर्यंत पोचवायचं काम तिचं. ती मी स्पिरिटने पुसली आणि नवी लावली, मुगाच्या दाण्याएवढीच. तो प्लेट धरून होता, मी स्क्रू आवळत होते. त्याची बोटं माझ्या बोटांखालून निघायला हवी होती त्यापेक्षा जरा उशिराच निघाली... किती, ते मोजायचं राहिलं.

घड्याळ लावलं. अकरा मिनिटं झाली. बारा. तेरा. आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

चौदाव्या मिनिटाला पडदा काळा झाला.

"पंखाच मेला," जगदेव हळू आवाजात म्हणाला. "नवा मागवा लागन. पाच दिवस."

"मेला असता तर चौदा मिनिटंही चालला नसता."

"मंग काय झालं असंन?"

मी पुठ्ठा, लॅपटॉप पिशवीत भरला आणि मागे न पाहता निघाले. रडताना कुणी पाहिलेलं मला आवडत नाही.

शनिवारी सकाळी नऊला तो आमच्या दारात उभा. हातात तोच डबा.

"काकू," त्याने आईला सांगितलं, "लॅपटॉप पाहाले आलो. काल डोळ्यानं पाह्यलं, कानानं ऐकलंच नाही."

"लॅपटॉपले ऐकतेत?" आईने विचारलं. तिला सगळ्याचा खुलासा लागतो. मी तिच्यावर गेले आहे.

त्याने लॅपटॉप सुरू केला. लांब पेचकसाचं टोक पंख्याच्या जागी टेकवलं आणि मूठ कानाला लावली. विहिरीवरच्या मोटरचं बेअरिंग तो असंच ऐकतो. मग पेचकस न हलवता म्हणाला, "ये... या इकडं. ऐका."

मी वाकले. मुठीला कान लावला. त्याचा हात तिथेच होता. आधी मला फक्त माझीच धडधड ऐकू आली. मग पेचकसातून — टिक. थांबून पुन्हा टिक.

"फिराले पाह्यते," मी म्हणाले, "अन् अडते."

"मेला नाही तो. अडकला हाय."

लगेच उघडला. काल आम्ही पंख्यावरचं पातळ झाकण काढलं नव्हतं. आज काढलं. पात्यांच्या बुडाशी, कडेला घट्ट रुतून बसला होता एक तांदळाचा दाणा. कुंकवाने गुलाबी झालेला.

आम्ही दोघांनी एकदमच आईकडे पाहिलं.

"काय पाहून राह्यले?" आई म्हणाली. "दसऱ्याले पूजा केली त्याची. विळा, वखराची पास, इळी सगळ्याची केली, मंग त्याची नाही कराची? पाटावर तांदळाची रास केली, त्यावर ठेवला."

"राशीवर? पालथा का सुलटा?"

"देवापुढं कोनी पालथं ठेवते का?"

मी वही काढली. पहिल्यांदा बंद पडला ती तारीख लिहिलेली होती. दसऱ्यानंतरचा दुसरा दिवस. खालच्या जाळीची फट तीन मिलिमीटरची. दाणा तिच्यातून सहज जातो. दहा दिवस मी मोजमापं घेत होते आणि उत्तर देवघरात होतं.

"काकू," जगदेव गंभीरपणे म्हणाला, "जेवाले तुमी त्याले द्या, पन शिजवून द्या."

आई इतकी हसली की डोळ्यांना पदर लावला. मग दाणा हातावर घेऊन म्हणाली, "पूजेचा हाय. फेकू नका," आणि आत गेली. मघापासून पोह्यांचा वास सुटला होता.

जगदेवने बोटाने पातं टिचकावलं. पंखा गरगर फिरला आणि निवांतपणे थांबला.

या वेळी घड्याळ लावून आम्ही ओट्यावर बसलो. चौदा मिनिटं आली, गेली. तीसला पोहे आले. साठला तो म्हणाला, "तुमी उद्या पास होनार."

"लॅपटॉप पास झाला. माहा पेपर बाकी हाय."

"तू बी होशीन."

'तुमी'चं 'तू' झालं, ते दोघांनाही एकाच वेळी कळलं. दुरुस्ती मात्र कुणीच केली नाही.

रविवारी मी दार लावून पेपरला बसले. तो बाहेर ओट्यावर होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला बोटाने गप्प करत होता, असं आईने नंतर सांगितलं. नव्वद मिनिटं पंखा एका लयीत चालला. शेवटचं उत्तर पाठवलं, दार उघडलं. त्याने माझा चेहरा पाहिला आणि उठून उभा राहिला.

तीन आठवड्यांनी यादी लागली. मी मोबाईल मुठीत घेतला आणि चपला घालून थेट बसस्टँडमागे.

दुकानात उकंडराव नावाचे शेतकरी स्टुलावर बसून होते. त्यांची मोटर खोललेली होती. जगदेव साच्यावर तांब्याची तार गुंडाळत होता. वाइंडिंगवाला वेढे मोजत असताना कुणाशी बोलत नाही. आकडा चुकला की सगळी तार सोडून पुन्हा पहिल्यापासून.

"अठ्ठेचाळीस... एकोणपन्नास..."

मी दारात उभी राहिले. काही बोलले नाही. खरंच नाही.

"पन्नास..." त्याने वर पाहिलं. हात थांबला. "लागली?"

"तिसरा नंबर. सोमवारपासून वाशीम."

"घरी काय म्हने?"

"घरी कुठं सांगितलं? पह्यले इथंच आली."

तार त्याच्या बोटांतून सुटली. सैल होत होत वेढे खाली उतरले. त्याचं तिकडे लक्षच नव्हतं.

"वैजयंती," तो म्हणाला. अख्खं नाव, अर्धा श्वासही न घेता. "मले... मले तू लय आवडते. पह्यल्या दिवसापासून. तू अकरा मिनिटं वीस सेकंद म्हनली ना, तवापासून."

"मले त्या शनिवारपासून," मी म्हणाले. "सकाळी नऊ वाजून..."

"अरे बापू," उकंडराव स्टुलावरून म्हणाले, "ते तुमचं चालू द्या. पन माह्या मोटरीचे किती झाले होते?"

जगदेवने साच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "नाही सांगता येत, काका. पुन्हा पह्यल्यापासून."

"असं कराल त माह्या गव्हाले पानी कवा भेटन?"

मी चपला काढल्या, आत गेले आणि त्याच्या शेजारच्या खोक्यावर बसले. सुटलेली तार सरळ करून त्याच्या हातात दिली.

"तू फिरव," मी म्हणाले. "मोजते मी."

त्याने साचा फिरवला.

"एक."